घरात विचारून सांगतो

समोरच्याने काही विचारलं की नाना आधी चष्मा काढायचे. टोपी टेबलावर उलटी ठेवलेली असायची, तिच्यात तो चष्मा अलगद ठेवायचे आणि म्हणायचे, "घरात विचारून सांगतो."

प्रश्न मोठाच असला पाहिजे असं नव्हतं. ऑफिसातला पंखा दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, गेटवरच्या कुत्र्याला हाकलायचं की पाळायचं, परदेशी माल पाठवायचा की नाही, उत्तर तेच. माणूस ओळखीचा असला तर अहिराणीत मिळायचं, "घर इचारीसन सांगसू." फरक तेवढाच.

तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? आपल्याकडे निम्मे पुरुष असंच म्हणतात आणि बायकोला विचारून येतात. पण नानांचं घर म्हणजे नुसत्या नानी नव्हेत. नानांचं घर म्हणजे मधले भाऊ आण्णा, धाकटे भाऊ तात्या, त्यांची बायकापोरं, घरजावई नसलेले पण घरीच असलेले जावईबापू, आणि भिंतीवर फोटोतले वडील. वडिलांनाही विचारलं जायचं. ते कधी आडवे आले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत यांचा मसाल्याचा कारखाना. काळा मसाला, तिखट, हळद. खान्देशात शेवभाजीला लागणारा काळा मसाला कुणाचा चांगला, यावर लग्नात भांडणं होतात, आणि त्या भांडणात यांचं नाव निघायचंच. मी तिथे अन्नतंत्रज्ञ म्हणून लागले. पाचोरा तालुक्यातल्या आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. त्यांच्या मुलीने जळगावात खोली घेऊन पदवी मिळवली, हे मी सगळ्यांना सांगते, तुम्हालाही सांगते. मुलाखतीतही सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं, प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि चष्मा टोपीत ठेवला.

त्यानंतर बरेच दिवस काहीच कळलं नाही. घरात विचारणं चालू होतं. आण्णांचा मला विरोध होता, कारण मसाला कॉलेजात शिकता येतो हेच त्यांना मान्य नव्हतं. तात्यांचा पाठिंबा होता, कारण आण्णांचा विरोध होता. अखेर नानींनी विचारलं की एकटी पोर, ती जेवणार कुठे? दुपारी आपल्याकडेच जेवेल असं ठरलं, आणि जेवायची सोय झाली म्हणून मला नोकरी मिळाली. माझ्या पदवीवर त्या घरात चर्चा झाली नाही. पोळ्या किती लागतील यावर झाली.

पण त्या दुपारच्या पंगतीमुळे मला सगळं पाहायला मिळालं. इतर कंपन्यांत संचालक मंडळाची बैठक असते, यांच्याकडे दुपारचं जेवण असायचं. खरेदी आण्णांकडे, कारण ते पहाटे उठायचे. विक्री तात्यांकडे, कारण त्यांना गप्प बसवत नसे. आणि निर्यात विभागाचे प्रमुख जावईबापू, कारण घरात पासपोर्ट फक्त त्यांच्याकडे होता. तो त्यांनी लग्नानंतर बँकॉकला जायला काढला होता. निर्यातीचं काम त्यांना विचारलं की ते बँकॉकचं सांगत. तिथलं मार्केट फार मोठं आहे म्हणायचे. कशाचं, ते कधी बोलले नाहीत.

पंगतीत मत सगळ्यांना होतं. दहावीला बसलेल्या पुतण्याला होतं, माहेरपणाला आलेल्या लेकीला होतं. मला नव्हतं. मसाल्यात ओलावा किती, तो किती दिवस टिकेल, हे मला विचारत आणि मी सांगितलं की एकमेकांकडे पाहत. एकदा मी नानांना म्हटलंच की नाना, पगार मला देता आणि विचारता यांना. नाना म्हणाले, "मॅडम, तुम्हाला पगार आहे. यांना काय आहे सांगा बरं, मतच आहे."

ऑफिसात मी मॅडम होते. पंगतीत बसले की पोरी व्हायचे. पोरी झाले की माझं शिक्षण संपायचं.

तात्यांना नवं काही करायची हौस होती. अहमदाबादच्या प्रदर्शनातून ते बरण्या भरायचं एक यंत्र घेऊन आले. रश्श्याचं तयार वाटण करायचं, काचेच्या बरणीत भरायचं, परदेशी पाठवायचं. माणसाने बरणी उघडली, गरम पाण्यात वाटण सोडलं, वर शेव टाकली की शेवभाजी तयार. कल्पना चांगली होती. यंत्र आलं त्या दिवशी गुरुजी बोलावले, स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. नारळ फोडताना आण्णा बाजार समितीत होते. त्यांच्यासाठी कोणी थांबलं नाही. संध्याकाळी आण्णा आले, यंत्राला एक फेरी मारली, कुंकू पाहिलं, आणि म्हणाले, "छान आहे. चालवा तुम्ही."

झालं. ते यंत्र पुढे कोणी चालवलं नाही. आण्णांना राग आलाय हे सगळ्यांना माहीत होतं, आण्णा मात्र म्हणत की मला कुठे राग आलाय. राग आलेला माणूस कबूलच करत नसेल तर तो काढणार कसा? यंत्रावर ताडपत्री आली. ताडपत्रीवर धन्यांची पोती आली. खान्देशातलं सगळ्यात महागडं पोती ठेवायचं टेबल आमच्या कारखान्यात होतं.

मग लंडनचा माणूस आला. म्हणजे आधी त्याचा फोन आला. मूळ सुरतेकडचा, लंडनला किराणा मालाची दुकानं. त्याला खान्देशी रश्श्याचं वाटण हवं होतं, पण कमी तिखट. त्याने स्पष्ट सांगितलं की आमच्याकडची पोरं तिकडे वाढलेली आहेत, गोरे लोकही घेतात, तेव्हा चव तुमची ठेवा, आग कमी करा. नमुने पसंत पडले तर कायमची ऑर्डर.

हे काम माझं होतं. मी रंगाला बेडगी मिरची घेतली, लवंगी जवळजवळ काढूनच टाकली, खोबरं आणि कांदा नीट भाजून घेतला. वाटण फक्कड झालं होतं. एका पातेल्यात केलं. पण या घराची एक रीत होती. नवीन माल आधी घरी जायचा, देवापुढे आणि वडिलांच्या फोटोपुढे नैवेद्य म्हणून ठेवायचा, आणि मग परत येऊन बरणीत भरायचा. मी म्हटलं, चमचाभर न्या. नाना म्हणाले, "वडिलांना चमचाभर?" अख्खं पातेलं गाडीत बसून घरी गेलं, नैवेद्य होऊन आलं, देवापुढून आलेलं पुन्हा तपासायचं नसतं म्हणून आम्ही तसंच हाताने बरण्यांत भरलं, बरण्या लंडनला गेल्या.

लंडनहून निरोप आला की फार तिखट आहे. चव घेणारा त्यांचा माणूस त्या दिवशी लवकर घरी गेला.

मला पटेना. पण आलेलं म्हणणं मानलं आणि मिरची निम्मी केली. पातेलं घरी गेलं, आलं, बरण्या गेल्या. या वेळी लंडनचा माणूस स्वतःच फोनवर होता. मी काय तुमचं वाईट केलंय, असं त्याने जावईबापूंना हिंदीत विचारलं. जावईबापूंनी विषय बँकॉककडे नेला.

मी जितकं फिकं करत गेले, तितकं ते तिखट होत गेलं. माझं शिकलेलं शास्त्र उलटं चालायला लागलं. आण्णा पंगतीत हसून म्हणाले की कॉलेजात बहुतेक मिरचीचा धडा राहिला असेल. तिसऱ्या नमुन्यासाठी आपण स्वतःच धुळ्याला येणार असं लंडनच्या माणसाने कळवलं. त्याच्या समोर करायचं, त्याच्या समोर चाखायचं. तिथे नाही जमलं तर विषय संपला.

त्याच आठवड्यात बरण्यांची झाकणं पाहायला मी आणि नाना गाडीने जळगावला चाललो होतो. पारोळा मागे पडल्यावर नानांनी खिडकीची काच वर केली. मग टोपी काढून मांडीवर ठेवली, चष्मा तिच्यात ठेवला. मी काही विचारलंही नव्हतं.

म्हणाले, तात्या काल खोलीत आला होता. हे लंडनचं झालं नाही तर माझं वेगळं काढून द्या म्हणतो. मला म्हणाला, घरात सांगू नका. तो गेल्यावर आण्णा आला. लेबलावरच्या वडिलांच्या फोटोखाली फिकं वाटण बाहेर गेलं तर माझं वेगळं काढून द्या म्हणतो. तोही म्हणाला, घरात सांगू नका.

मला हसू आलं. अख्ख्या धुळ्यात घरात न सांगण्यासाठी या दोघांना हाच माणूस सापडला होता. पण नानांच्या तोंडाकडे पाहून हसू आवरलं.

मग त्यांनी मला पाटा-वरवंट्याची गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांनी एकदा पेठेत दुकान घेतलं, मोठ्या भावाला न विचारता. दुकान चांगलं होतं, भावही चांगला होता, विचारलं नव्हतं एवढंच. महिनाभरात घराची वाटणी झाली. स्वयंपाकघरात मधोमध भिंत घातली. भांड्यांची वाटणी पंचांनी केली, अगदी न्यायाने केली. "पाटा आमच्याकडे आला, मॅडम. वरवंटा काकांकडे गेला."

मी विचारलं, मग वाटण कसं करायचे?

"नव्हते करत." बाहेर एरंडोलचा फाटा जात होता. "माझी माय भिंतीच्या इकडे रिकामा पाटा धुवायची. काकू तिकडे वरवंटा धुवायची. दोघींना एकमेकींचा आवाज यायचा. मागितलं मात्र कोणी नाही."

जळगाव येईपर्यंत मग आम्ही झाकणांविषयी बोललो.

लंडनचा माणूस आला. गोल चेहऱ्याचा, घाईचा, हातात पाण्याची बाटली. मी त्याच्यासमोर वाटण केलं, त्याने चमचाभर चाखलं आणि त्याचा चेहरा खुलला. हेच, असंच पाहिजे म्हणाला. मीही चाखलं. सौम्य, गोडसर, मागून काळ्या मसाल्याचा वास. मला वाटलं जिंकलं. तेवढ्यात नाना म्हणाले की आता घरी जाऊ, नैवेद्य होईल, पाहुण्यांचं जेवणही होईल.

पातेलं निघालं. मी या वेळी त्याच्याबरोबरच जाणार होते, पण आण्णांच्या गाडीत जागा नव्हती. जागा आण्णांनी मुद्दाम ठेवली नाही असं मी म्हणत नाही. मागच्या सीटवर मेथीची जुडी होती, तिला उठवता आलं नसतं.

पंगत बसली. पाहुण्याला त्याच वाटणाचा रस्सा वाढला, वर शेव. त्याने पहिला घास घेतला, आणि थांबला. शिकलेला माणूस, लोकांच्या घरी बसलेला, त्याने हळूच पाण्याची बाटली जवळ ओढली. घाम कपाळावरून कानापर्यंत आला. ज्वारी-उडदाची ती कळण्याची भाकरी तो कोरडीच खात राहिला. मी माझ्या वाटीतला रस्सा चाखला आणि माझे कान गरम झाले. हे माझं वाटण नव्हतं.

मी त्या घरात कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही, फक्त भाकरी ताटात ठेवली आणि म्हटलं की कारखान्यातून निघालं तेव्हा हे असं नव्हतं, वाटेत यात तिखट कोणी टाकलं?

मग नानी वाढता वाढता सहज म्हणाल्या, "मी टाकं चिमूटभर. पाव्हनाले कोनी फिकं वाढस का?"

आण्णा चमकले. त्यांनी गाडीतच एक मूठ टाकली होती. खिशात पुडी घेऊनच निघाले होते. नानी टाकतील हे त्यांना माहीत नव्हतं. तात्यांच्या बायकोने देवघरात टाकलं होतं, वडिलांना फिकं चालत नसे म्हणून. जावईबापूंनी टाकलं होतं. का टाकलं हे त्यांना आठवेना. आणि तात्या, ज्यांना हे लंडन पाहिजे होतं, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ते ताटाकडे बघत म्हणाले की मी थोडंच टाकलं, अगदी नखभर. फारच आजाऱ्याचं लागत होतं हो ते.

प्रत्येकाला वाटत होतं आपण एकट्यानेच टाकलं. मागच्या दोन्ही नमुन्यांनाही तसंच झालं होतं. मी फिकं केलं की ह्यांची चिमूट मोठी व्हायची. निर्यातीच्या धंद्यात सरकारचे अडथळे असतात, बंदराचे असतात, असं आम्हाला शिकवलं होतं. मायेचा अडथळा अभ्यासक्रमात नव्हता.

मी नानांकडे पाहिलं. नाना पाण्याच्या तांब्याकडे पाहत होते. मी विचारलं, "नाना, तुम्ही?"

"गाडीतून उतरवताना," नाना म्हणाले. "झाकण उघडंच होतं."

लंडनच्या माणसाला मराठी जेमतेम कळत असावी, पण हे कळलं. तो हसायला लागला. मग घड्याळ पाहून गंभीर झाला. म्हणाला की माणसं तुम्ही सोन्यासारखी आहात, पण माल मी असा नेऊ शकत नाही, संध्याकाळची गाडी आहे, हो की नाही ते आत्ता सांगा. फिकं पाठवणार का?

तात्यांनी नानांकडे पाहिलं. आण्णांनी पाहिलं. हो म्हटलं तर एक भाऊ जातो, नाही म्हटलं तर दुसरा. हे त्या पंगतीत फक्त नानांना माहीत होतं, आणि मला. मी वाट पाहत होते की आता चष्मा निघेल. निघालाही. पण टोपी त्यांनी खुंटीला लावली होती. चष्मा हातात धरून ते ठेवायला जागा शोधत राहिले, आणि त्यांची नजर पाहुण्याच्या ताटावर गेली. ताटात डाव्या बाजूला, मिठाशेजारी, ठेच्याचा गोळा होता. पाहुण्याने त्याला बोटही लावलं नव्हतं.

"नानी," ते म्हणाले, "ठेचा तुम्ही पाहुण्याच्या भाजीत कालवला का?"

नानी म्हणाल्या, ठेचा कोणी कालवून देतं का? तो बाजूला वाढतात. ज्याला पाहिजे तो घेतो.

"मग तेच ना," नाना म्हणाले. "फिकं वाढणं वेगळं, आणि तिखट बाजूला वाढणं वेगळं. बरणीत मॅडमचं वाटण. तिखटाची पुडी बाजूला. घरची चिमूट."

आण्णांनी घास चावायचं थांबवलं. तात्यांनी विचारलं की बाजूला म्हणजे कुठे? बरणीला बाजू कुठे असते? तेव्हा मी मात्र परवानगी न मागता बोलले, की झाकणावर खोबण करता येईल. जळगावच्या ज्या प्लॅस्टिकवाल्याकडे झाकणं पाहिली, तो साचा करून देईल. खोबणीत पुडी बसेल, वरून आवरण. लंडनच्या माणसाने भाकरी खाली ठेवली आणि म्हणाला की ही चीज मी पहिल्यांदा पाहतोय, करा, मी घेतो. मग नानांना म्हणाला की आता तरी हो म्हणा, तुम्ही मालक आहात ना?

नाना म्हणाले, "मालक आहे म्हणून तर विचारावं लागतं." आणि तिथेच, पंगतीत, एकेकाला नावाने विचारलं. आण्णांना, तात्यांना, नानींना, जावईबापूंना, माहेरपणाच्या लेकीला, दहावीतल्या पुतण्याला. सगळे हो म्हणाले. मग, तुम्हाला खोटं वाटेल, माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि पोरी, तुझं काय मत?"

यंत्रावरची पोती निघाली. आण्णांनी स्वतः ताडपत्री ओढली आणि पुन्हा नारळ फोडला, म्हणजे त्या यंत्राचं लग्न दोनदा लागलं. लंडनला बरण्या जायला लागल्या. त्या पाहून आखातातला एक व्यापारी आला. पुढे धुळ्याच्या एका समारंभात नव्या कल्पनेबद्दल सत्कार झाला, तेव्हा मंचावर घरचे इतके चढले की सत्कार करणाऱ्यांना खाली उतरावं लागलं. आण्णांनी भाषणात सांगितलं की पुडीची कल्पना वडिलांची. तात्या म्हणाले, अहमदाबादलाच सुचली होती. जावईबापूंनी बँकॉकला अशी झाकणं पाहिली होती. मी खाली तिसऱ्या रांगेत होते. कल्पना नानांची, खोबण माझी, हे आज लिहून ठेवते. नाना मंचावर टोकाला होते. फोटोत त्यांची अर्धी टोपी आली आहे.

काही वर्षं बरी गेली. नवीन काही करायचं तर आता त्या घराला उत्साह यायचा, म्हणजे वेळ दुप्पट लागायचा. मी कंटाळायचे, चिडायचे, सोडून जायचं ठरवायचे. पण दुपारी नानी पान मांडायच्या आणि नाना विचारायचे, पोरी, तुझं काय मत. माणूस एवढ्यावर फसतो.

मग एका सकाळी ऑफिसात नानांच्या छातीत कळ आली. धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मोठ्या ठिकाणी न्या, लगेच न्या. कुठे न्यायचं? आण्णांचे साडू नाशिकला होते. तात्यांच्या ओळखीचे जळगावला. जावईबापू मुंबई म्हणाले. नानी म्हणाल्या, देवाला विचारा. त्या खोलीत सगळं घर उभं होतं आणि सगळ्यांना मत होतं. मी नानांच्या उशाशी उभी होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या घरावर खरोखर ओरडायचं होतं. मी वाकून म्हटलं, नाना, तुम्ही सांगा कुठे जायचं, आत्ता सांगा, तुमचं सगळे ऐकतील.

नानांचा चष्मा कोणीतरी काढून ठेवला होता. डोळे बारीक करून त्यांनी खोलीभर पाहिलं. कोण बोलतंय ते त्यांना दिसत नसावं, ऐकू येत होतं.

"इचारू दे," म्हणाले. "बठ्ठा एकच खोलीमा शेतस ना." सगळे एकाच खोलीत तर आहेत, म्हणत होते.

शेवटी नाशिकला नेलं. तिथे काही दिवस काढले आणि गेले. उशीर झाला म्हणून गेले का, हे मला सांगता येत नाही, मी डॉक्टर नाही. घरात कोणी विचारलं नाही. दहाव्याला पिंड ठेवला आणि हात जोडून आम्ही मागे सरतो न सरतो तोच कावळा शिवला. नानांच्या बाबतीतला एवढा झटपट निर्णय आम्ही पहिल्यांदा पाहिला. त्या कावळ्याला बहुतेक विचारायला घर नसावं.

वर्ष पुरं व्हायच्या आत वाटणी झाली. पंच बसले, धुळ्यातले जाणते लोक, आणि अगदी न्यायाने केली. यंत्र तात्यांनी आणलं होतं, म्हणून बरणी तात्यांना. मिरचीची खरेदी आण्णांची, म्हणून पुडी आण्णांना. वडिलांचा फोटो दोघांना. मी कोणाकडे जायचं यावरही बोलणं झालं, मला न विचारता. मी उठून विचारलं की पाटा कोणाला आणि वरवंटा कोणाला दिला ते कळतंय का तुम्हाला? पंच म्हणाले की भांड्यांची यादी वेगळी आहे, मॅडम. आण्णांना कळलं. त्यांनी मान खाली घातली. तात्यांनीही घातली. पण मागितलं कोणी नाही.

लंडनच्या माणसाने दोघांशी बोलून पाहिलं. बरणीचा भाव एक सांगणार, पुडीचा दुसरा, आणि दोघंही सांगणार की दुसऱ्याकडून घेणार असाल तर आमचं नको. त्याने हात जोडले. आता तो कोणाकडून घेतो, मला माहीत नाही. मी जळगावला दुसऱ्या कारखान्यात आहे. इथले मालक एकटे आहेत, निर्णय चहा निवायच्या आत घेतात. त्यांना माझं मत लागत नाही.

परवा जळगावात एका किराणा दुकानात गेले होते. फळीवर तात्यांची बरणी दिसली. झाकणावरची खोबण तशीच आहे. नवा साचा परवडत नसेल, किंवा कोणाच्या लक्षात आलं नसेल. खोबणीत धूळ बसली होती. ही खोबण कशासाठी असं मी दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, पकडायला असेल. फळीच्या दुसऱ्या टोकाला, मधे साबण आणि अगरबत्त्या सोडून, आण्णांच्या पुड्यांची माळ लटकत होती. लांबी-रुंदी तीच. आण्णांनीही मापाला हात लावलेला नाही.

मी खोबण पदराने पुसली. माळेतली एक पुडी तोडली आणि झाकणात ठेवून अंगठ्याने दाबली. टक्क करून बसली. दोन्ही मिळून बरणी मी फळीवर परत ठेवली, दर्शनी, लेबल पुढे करून.

दुकानदार उठून आला. त्याने नखाने पुडी उचकटून काढली, बरणी जागेवर सरकवली, आणि मला समजावून सांगितलं, "ताई, एकत्र नका ठेवू. दोन वेगळ्या कंपन्यांचं आहे ते."